भूत भर दुपारी

मंडळी, कूलरसमोरची रांग काही हलणार नाही, हे मला ठाऊक आहे. मागच्यांसाठी जरा मोठ्यानं बोलतो. पत्रिकेत विषय छापलाय 'मित्रांसोबत कमी खर्चात भयपट'. नारायण धारप, मतकरी तुम्ही वाचलेत, 'तुंबाड' पाहिलाय. ते सांगत बसत नाही. मला एकच गोष्ट तुमच्या गळी उतरवायची आहे. आपल्या भागातला भयपट रात्री करू नका, भर दुपारी करा.

हसून घ्या. आता हिशेब ऐका. रात्र म्हटली की लाईट आले, जनरेटर आला, किडे आले. अंधारात मोबाईलचं चित्र असं दाणेदार होतं की भूत कोणतं नि गोठ्यातली म्हैस कोणती, कळत नाही. दुपारचा उजेड फुकट. रस्ता मोकळा. शिवाय "भर बारा वाजता त्या चिंचेखालून जाऊ नको" हे आपल्या आज्या सांगतच आल्या. 'तुंबाड'ची भीती पावसात भिजलेली. त्या पावसासाठी राही अनिल बर्वेंनी एकाहून जास्त पावसाळे खर्ची घातले. ती कोकणाची भीती. वर्ध्याच्या मे महिन्याला पाऊस कुठून आणाल? आपली भीती उन्हाची आहे.

पैसे नाहीत म्हणणाऱ्यांनी रामसे बंधूंकडे बघावं. 1972 चा 'दो गज़ ज़मीन के नीचे' महाबळेश्वरला झाला. सात भाऊ; लेखन, दिग्दर्शन, कॅमेरा, आवाज, संकलन सगळं घरातच. मुक्काम सरकारी विश्रामगृहात, खर्च साडेतीन लाखांच्या आसपास. अमेरिकेत सॅम रायमी आणि त्याच्या दोस्तांनी 'ईव्हिल डेड'साठी कॅमेरा लाकडी फळीवर बसवला, दोन टोकं दोघांनी धरली आणि जंगलातून पळत सुटले. पडद्यावर ती भुताची धाव झाली. फळी आपल्या रोहणा गावातही मिळते.

आता जे सांगतो, ते टिपणात नव्हतं, येताना गाडीत सुचलं. वर्षातून दोनदा सूर्य आपल्या बरोब्बर डोक्यावर येतो. शून्य सावलीचा दिवस. एकदा जुलैत, पण तेव्हा आभाळ असतं, म्हणून तो सोडा. दुसरा आपल्याकडे 24-25 मेच्या आसपास, दुपारी बारा वाजून काही मिनिटांनी. उभ्या खांबाची सावली बुडाशी नाहीशी होते. आणि भुताची खूण काय? सावली नसते! म्हणजे त्या दोन मिनिटांपुरतं अख्खं रोहणं भूत. (हशा) शकुंतला रेल्वेच्या बंद लाईनीवर पाच मित्र उभे करा. पाचही जणांची सावली गेलेली. मग सहावा येतो, आणि त्याची सावली लांबच लांब पडलेली. कोण आहे तो? त्या शॉटला खर्च किती? शून्य. सहाव्याचा शॉट त्याच जागी, त्याला एकट्याला घेऊन, संध्याकाळी पाचला घ्यायचा. दोन्ही शॉट एकामागे एक जोडले की झालं. ब्रिटनचा 'द विकर मॅन' 1973 चा, 'मिडसोमार' 2019 चा. दोन्हींतली भीती लख्ख उजेडातली. मी काही वेड्यासारखं बोलत नाहीये.

मागून कोणी विचारतंय, "भुताले ऊन नाई लागत का?" लागतं भाऊ, मोबाईललाही लागतं. तापला की बंद पडतो. ओल्या दुपट्ट्याच्या सावलीत ठेवा. पोरांना मात्र दहा मिनिटांवर उन्हात उभं करू नका.

गुरुजींचा प्रश्न आलाय: गांधी-विनोबांच्या जिल्ह्यात भुतं कशाला? गुरुजी, 2013 चा जादूटोणाविरोधी कायदा मलाही माहीत आहे, आणि तो हवाच. पण भुताचा धंदा वेगळा नि भुताची गोष्ट वेगळी. फळी घेऊन पळालेला पोरगा उद्या कोणत्या बाबाला भुलेल? त्याला भूत कसं बनवतात, ते माहीत झालेलं असतं.

चिठ्ठी आली. पाच मिनिटं म्हणता? बरं, दोन. आवाजाबद्दल बोलायचं राहिलंच. थोडक्यात सांगतो: मोबाईलचा माईक तोंडाजवळ हवा. एक जुना फोन बोलणाऱ्याच्या खिशात रेकॉर्डिंग सुरू करून ठेवा.

शेवटी श्रोत्यांतल्या वडीलधाऱ्यांना विनंती. ज्यांचे वाडे रिकामे पडलेत, त्यांनी एका दुपारपुरती किल्ली पोरांना द्यावी. आणि शेजारच्यांनी शॉट चालू असताना तेवढा कूलर बंद ठेवावा.