घरच्या समुद्राची नाडीपरीक्षा



आपले इन्सुली हे काही समुद्रकाठचे गाव नव्हे. समुद्र पाहावयाचा तर शिरोडा किंवा वेंगुर्ले गाठावे लागते. तेव्हा काचेच्या पेटीत चार घागरी समुद्र आणून तो घरात ठेवावा, त्यात मासे खेळवावेत, अशी हौस येथे कोणास झाली तर त्यात नवल नाही. मुंबईला मरीन ड्राइव्हवर 1951 साली तारापोरवाला मत्स्यालय उघडले. परंतु अशा संस्थेच्या पदरी जाणकार माणसे असतात. घरच्या पेटीचा वैद्य मात्र घरधनीच. मासे वर येऊन धापा टाकू लागले की तो घाबरतो, आणि घाबरलेल्या वैद्याच्या हातून रोगापेक्षा औषधानेच अधिक जीव जातात.

प्रथम पाण्याची घडण पाहू. 1 किलो समुद्रजलात सुमारे 35 ग्रॅम क्षार असतात. ‘चॅलेंजर’ जहाजाने 1872 ते 1876 या काळात पृथ्वीप्रदक्षिणा करून आणलेल्या पाण्याचे 77 नमुने डिटमार या रसायनशास्त्रज्ञाने तपासले. खारेपणा कमीअधिक असला तरी मोकळ्या समुद्रात मुख्य क्षारांचे परस्पर प्रमाण बहुधा सारखेच असते, हे त्यावरून दिसले. मग कोणी म्हणेल, शिरोड्याची मिठागरे जवळच आहेत, तेथले मीठ विहिरीच्या पाण्यात विरघळवले की झाले! नाही होत. मिठागरात पाणी आटताना चुनखडी आणि जिप्सम आधी खाली बसतात, मग मीठ धरते, आणि मॅग्नेशियम उरलेल्या कडू पाण्यात राहते. म्हणजे ज्या मिठासाठी 1930 साली शिरोड्यास सत्याग्रह झाला, ते भाकरीला उत्तम. पण त्याचे पाणी म्हणजे समुद्र नव्हे. गुरुत्वमापक त्यात 1.025 दाखवील आणि मासा तरीही जगणार नाही.

खरे समुद्रजल आणावयाचे तर पावसाळ्यापूर्वी, भरतीच्या वेळी, नदीच्या मुखापासून दूर जाऊन आणावे. श्रावणात किनाऱ्यावर बादली बुडवाल तर वर तरंगणारे नदीचे गोडे पाणीच बरेचसे हाती येईल. आणि ते तांब्या-पितळेच्या हंड्यात मुळीच ठेवू नये. आपल्याला तांब्याचे पाणी आरोग्यदायी वाटते. शंख, कोळंबी आणि प्रवाळ यांना तांब्याचा अल्प अंशही विष आहे.

पेटीतले पाणी उडून जाते, मीठ उडत नाही. 100 लिटरांतले 10 लिटर आटले की 35 चा खारेपणा जवळजवळ 39 होतो. ही तूट गोड्या पाण्याने भरावी. प्रत्येक वेळी समुद्राचेच पाणी घालाल तर दर 10 लिटरांमागे 350 ग्रॅम मीठ वाढत जाईल.

आता ज्या दुखण्यात बहुतेक जण फसतात, ते सांगतो. सामू मोजला तर 8.2 च्या जागी 7.6 आला. घरधनी म्हणतो, पाणी आंबले. आणि धुण्याचा सोडा घालून सामू 8.4 वर नेतो. संध्याकाळपर्यंत मासे उताणे! असे का व्हावे? माशांच्या मलमूत्रातून आणि कुजणाऱ्या चाऱ्यातून अमोनिया निघतो. त्याचा थोडाच भाग मुक्त, म्हणजे विषारी रूपात असतो. सामू 7.6 वरून 8.4 वर गेला की तोच भाग सुमारे पाचपट होतो. अमोनिया वाढला नाही, त्याचे दात मात्र मोकळे झाले. म्हणून सामूला हात लावण्यापूर्वी अमोनिया मोजलाच पाहिजे. तो सापडला तर चारा बंद करावा, पेटीत काही मेले असेल तर शोधून काढावे आणि तितक्याच खाऱ्या, तितक्याच ऊबदार पाण्याने अर्धे पाणी हळूहळू बदलावे. गरज पडल्यास दुसऱ्या दिवशी पुन्हा. सोड्याचा विचार त्यानंतर.

अमोनिया अचानक का वाढतो? वाळूत आणि गाळणीत राहणारे जीवाणू त्याचे नायट्राइट व पुढे नायट्रेट करीत असतात. नव्या पेटीत त्यांची वस्ती बसायला महिना-दीड महिना लागतो. इतका धीर कोणास नसतो, हे वेगळे. जुन्या पेटीत आमच्या भागातले नेहमीचे कारण म्हणजे पावसाळ्यातली वीज. ती सहा-सात तास गेली की बंद गाळणीतले जीवाणू प्राणवायूवाचून मरतात, आणि वीज येताच ते नासके पाणी पेटीत उतरते. गाळणी आधी धुवून घ्यावी. पेटीतल्याच पाण्याने, नळाच्या नव्हे.

अमोनिया नाही, तरी सामू खालीच आहे, असे असेल तर एक सोपी परीक्षा आहे. पेलाभर पाणी ओसरीवर नेऊन त्यात तासभर मोकळी हवा सोडावी. सामू चढला तर दोष खोलीतल्या कोंडलेल्या हवेचा, तिच्यातल्या कर्बवायूचा. खिडकी उघडा, पैसा खर्च होत नाही. चढला नाही, तर आम्ल सोसणारा कार्बोनेटांचा साठा संपला. जीवाणूंचे काम तो खाते आणि प्रवाळ, शंखही खातात. आपल्या जांभ्याच्या विहिरींचे पाणी मृदू, त्यातून तो भरून येत नाही. 200 लिटरांना एक चहाचा चमचा खाण्याचा सोडा विरघळवून घालावा आणि दुसऱ्या दिवशी मोजून मगच पुढचा. कॅल्शियमचे औषध त्याच वेळी ओतू नये. दोन्ही एकत्र आली की पाणी दुधाळ होते आणि दोन्ही चुनखडी होऊन तळाशी बसतात. मॅग्नेशियम कमी असले तर हे अधिकच लवकर घडते.

जाता जाता एक सांगतो. मालवणचे सागरी अभयारण्य 1987 सालचे आहे आणि प्रवाळ कायद्याने संरक्षित आहेत. पेटीच्या शोभेसाठी तेथून तुकडा तोडून आणणे हा गुन्हा आहे. आता आपले काही प्रश्न असतील तर विचारावेत. ज्यांनी बाटलीतून पाणी आणले आहे, त्यांनी पुढे यावे.