फोटो पाठवताना किती मोठा?

आजचे अनेक मोबाइल १२ मेगापिक्सेलचा फोटो काढतात. म्हणजे ४००० बाय ३००० ठिपके (पिक्सेल), एकूण एक कोटी वीस लाख. फुल एचडी पडद्यावर मात्र आडवे मावतात फक्त १९२० ठिपके. म्हणून नुसता बघण्यासाठी फोटो पाठवायचा असेल, तर लांब बाजू १६०० ते २००० पिक्सेल पुरे. १६०० बाय १२०० केल्यावर ठिपके मूळच्या सहाव्या हिश्शाहूनही कमी उरतात, फोटो झटकन पोहोचतो आणि समोरच्याचा डेटाही वाचतो. डीपीआयचा, म्हणजे दर इंचाला किती ठिपके याचा, आकडा पडद्यासाठी बघूच नका, तो छपाईचा.

छपाईचं गणित वेगळं. समजा, आजी-आजोबांचा फोटो १६ बाय १२ इंचांच्या फ्रेमसाठी छापायचा आहे. मूळ फोटोतून दर इंचाला २५० ठिपके मिळतात, छपाई छान येते. पण तोच फोटो १६०० पिक्सेलवर आलेला असेल, तर इंचाला जेमतेम १०० ठिपके. डोळे, सुरकुत्या, नऊवारीचा काठ, सगळं पुसट होतं. एकदा गेलेला तपशील फोटो पुन्हा मोठा करून परत येत नाही.

व्हॉट्सॲपवर नेहमीच्या पद्धतीने पाठवलेला फोटो आपोआप लहान होतो. म्हणून छपाईसाठी तो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा. मात्र अशा मूळ फाइलसोबत फोटो काढल्याचं ठिकाणही जाऊ शकतं, तेव्हा अनोळखी माणसाला ती देऊ नका. आणि लहान करायचा तो नेहमी प्रतीचा आकार. मूळ फोटो तसाच जपून ठेवा.