चपला घालूनच आत या

(पंचवटीत पेठ रोडच्या मागच्या वस्तीतल्या पोरांनी चित्रशाळा काढली. उद्घाटनाच्या रात्री केलेलं हे भाषण, जवळजवळ बोललो तसंच.)



आधी दाराबाहेरच्यांशी बोलतो. मार्केट यार्डातून काम संपवून आलेले तुम्ही सातआठ जण मघापासून उंबऱ्याशी उभे आहात. चपला हातात घेतल्यात. कुणी अडवलेलं नाही, तरी आत येत नाही. मला राग नाही. मी तुमच्यातलाच.

मी मुंबईच्या गोदीत हमाली करतो. मॅट्रिक झालो, पुढं घरच्यांना झेपलं नाही. कविता लिहितो म्हणून या पोरांनी बोलावलं. गोदीतून बोरीबंदरला चालत आलं की जे.जे. कलाशाळा लागते, १८५७ सालची. तिच्या भिंतीकडेनं किती वर्षं जातोय. पुढं काळा घोड्याला जहांगीर आर्ट गॅलरी, १९५२ सालची. तिकीट नाही, कुणीही जावं. मी तीनदा पायरीपर्यंत गेलो आणि मागं फिरलो. अंगाला बारदानाचा वास होता. कुणी हाकललं नाही हो, माझे पायच वळले. बंद दारावर मोर्चा नेता येतो. असल्या उघड्या दाराचं काय करायचं?

बंद दार बघायचं तर इथून लांब जायला नको. काळाराम मंदिर आपल्या पंचवटीतच आहे. २ मार्च १९३०. बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली हजारोंची मिरवणूक निघाली, चौघाचौघांच्या रांगा, मैलभर लांब. देवळाला चार दरवाजे, चारही बंद केले. दुसऱ्या दिवशी पहिली तुकडी दरवाज्यांवर बसली. सव्वाशे पुरुष आणि पंचवीस बाया. दादासाहेब गायकवाडांनी हा लढा वर्षानुवर्षं लावून धरला. सनातन्यांनी दगड मारले, डोकी फुटली, पण दार उघडलं नाही. १३ ऑक्टोबर १९३५ ला याच जिल्ह्यात, येवल्याला, बाबासाहेबांनी सांगून टाकलं की हिंदू म्हणून मरणार नाही.

देवळात शिरल्यानं आपले सगळे प्रश्न सुटणार नाहीत, हे बाबासाहेबांनी सत्याग्रहाच्या वेळीच सांगितलं होतं. समोरचा आपल्याला माणूस मानतो की नाही, याची ती परीक्षा होती. मग दोस्तांनो, ही चित्रशाळाही परीक्षाच समजा. फरक एवढाच की आज परीक्षा आपली आहे.

ही खोली मला आवडली, हे आधी कबूल करतो. इथं पूर्वी बोर्ड रंगवणाऱ्या पेंटरचं दुकान होतं. जयंतीचे फलक इथून निघायचे. फ्लेक्स आला आणि ब्रश वाळले. त्याच शटरमागं आज आपली पोरं रंग कालवतायत, हे छातीला बरं वाटतं. कला ही त्यांच्या बापाची मिरासदारी आहे असं प्रस्थापितांनी आपल्याला पिढ्यान्‌पिढ्या पढवलं. खोटं आहे ते. पांडवलेण्यात जा. चैत्यगृहाच्या दारावरच्या कमानीवर शिलालेख आहे, दोन हजार वर्षांपूर्वीचा. हे धंबिक गावाचं दान आहे, असं तो सांगतो. राजाचं नाही, एका गावाचं.

आता कडू बोलतो. पाहुणा आहे म्हणून गोड बोलून जाणार नाही.

समोर ते मोठं चित्र आहे. हमाल, पाठीमागं लाल आभाळ. पोत्याखालचा माणूस देवासारखा ताठ उभा. अरे, पन्नास किलो असं डोक्यावर तोलून कोण उभा राहतो? पोतं मानेच्या खाली, पाठीवर येतं. मान पुढं जाते, नजर पायापुढच्या दोन हात जमिनीवर. आभाळ आम्हाला दिसतच नाही, लाल असो की निळं! तुम्ही यार्डात गेलात, फोटो काढलात, परत आलात. दोन तास पोतं उचललं असतं तर चित्र बदललं असतं.

खाली किंमत लावलीय. माझ्या दोन महिन्यांच्या मजुरीएवढी. विका, जरूर विका, रंग फुकट मिळत नाहीत. पण ज्याला बसवून हे चित्र काढलं तो भाऊ बाहेर उभा आहे. मघाशी टपरीवर त्याच्याबरोबर चहा घेतला. त्या दिवशी त्याची मजुरी बुडाली. कुणी भरून दिली? तो म्हणाला, "जाऊ द्या ना, पोरं आपलीच आहेत." पोरं आपलीच आहेत म्हणून तर मी विचारतोय. आपल्याच माणसाचा खाडा आपण बुडवायचा, तर मग सावकारानं काय वाईट केलं?

म्हणून तीन गोष्टी मागतो. चित्रासाठी कुणालाही बसवलंत तर दिवसाची मजुरी द्या. यार्ड सुटल्यावर, रात्री नऊनंतरही ही खोली उघडी ठेवा, आणि कागद-कोळसा त्या वेळी फुकट द्या. आणि एक किल्ली वस्तीतल्या एखाद्या बाईकडे असू द्या. १९३० साली दरवाज्यावर बसलेल्या त्या पंचवीस बाया मी कुठल्या भिंतीवर रंगवलेल्या पाहिल्या नाहीत. त्या रंगवायला कुणी बाईच पुढं आली तर?

हे जमलं नाही तर सांगतो, पाच वर्षांत इथं गाभारा होईल. आत आपलेच चार पुजारी असतील आणि बाहेर आपलेच लोक चपला हातात घेऊन.

बस्स, भाषण संपलं. भावांनो, चपला घाला आणि घालूनच आत या. चित्राखाली कोळशाचा तुकडा ठेवलाय, शेजारी कोरा कागद लावलाय. पोतं पाठीवर कसं येतं ते या पोरांना काढून दाखवा. पहिली रेघ वाकडी आली तरी चालेल.

जय भीम.