शिंपल्यातील अदृश्य विष

सन १७९३च्या जून महिन्यात, आज ब्रिटिश कोलंबिया म्हणून ओळखल्या जाणाऱ्या किनाऱ्याच्या मोजणीच्या कामगिरीवर असलेल्या कॅप्टन जॉर्ज व्हँकुव्हर यांच्या तुकडीतील काही खलाशांनी न्याहारीस शिंपले भाजून खाल्ले, आणि थोड्याच अवधीत त्यांचे चेहरे व हातपाय बधिर होऊन त्यांपैकी जॉन कार्टर हा त्याच दिवशी मृत्यू पावला.

या बाधेचे कारण असे, की अलेक्झांड्रियम नावाचे एकपेशीय शैवल अशा थंड सागरजलात विपुल वाढले, म्हणजे पाणी गाळून अन्न मिळविणाऱ्या शिंपल्यांच्या देहात त्याचे सॅक्सिटॉक्सिन हे विष साठत जाते. शिंपला बहुधा खुशाल जगतो, परंतु मनुष्याच्या मज्जातंतूंतील सोडियमची वाट या विषाने अडविली, की स्नायूंना जाणारे हुकूमच बंद पडतात आणि अखेर श्वसन थांबते. शिजविल्याने ते नष्ट होत नाही. त्यावर उताराही नाही, कृत्रिम श्वासोच्छ्वास हाच काय तो आधार. शैवलाने पाणी तांबडे दिसले तरच धोका, हा समज तर सपशेल चुकीचा. काही शिंपल्यांतून विष थोड्या आठवड्यांत ओसरते. ‘बटर क्लॅम’ जातीचा शिंपला मात्र ते दोन वर्षांपर्यंतही बाळगून असतो. तेव्हा सरकारने मनाई जाहीर केलेल्या किनाऱ्यावरचा शिंपला कोणीही तोंडी लावू नये.