अडीअडचणीची जर्मन

जर्मनीला निघालेल्या माणसाची बॅग भरून होते, चकल्या-लाडू बांधून होतात आणि मग तो विचारतो, "थोडी जर्मन शिकवता का?" त्याला हवं असतं 'गुटेन टाग' आणि 'डांके'. ते शिकावंच, पण विसरलात तरी बिघडत नाही, तिथे पुष्कळांना इंग्रजी येतं. हल्ली मोबाइलही भाषांतर करून देतो. पण ओरडायची वेळ येते तेव्हा मोबाइल काढायला सवड नसते. म्हणून मी आधी अडचणीची जर्मन शिकवते.

पहिला शब्द 'हिल्फे', म्हणजे वाचवा. दुसरा 'फॉयर', म्हणजे आग. तिसरा आपण ऐकायचा आहे: 'फोरजिश्ट', म्हणजे सांभाळा. तो कानावर पडला की अर्थ आठवत बसू नका, आधी जागच्या जागी थांबा.

आता एक वाक्य. गाडीत कुणी त्रास देऊ लागला तर मोठ्यानं म्हणायचं, "लासन झी मिश इन रूअ!" म्हणजे, मला त्रास देऊ नका. यातला 'झी' महत्त्वाचा. आपल्यासारखंच जर्मनमध्ये 'तू' म्हणजे 'डू' आणि 'तुम्ही' म्हणजे 'झी'. आपण संतापलो की अरे-तुरेवर येतो. तिथे तसं करू नये. 'डू' ऐकलं की आजूबाजूच्यांना वाटतं, ओळखीतलं भांडण आहे, आपण कशाला पडा? 'झी' म्हटलं की कळतं, हा माणूस परका आहे. तिथले पोलीसही हाच सल्ला देतात. मदत मागतानाही सगळ्या गर्दीला हाक मारू नका; एकाकडे बोट दाखवून म्हणा, "हेल्फन झी मिअर!" मला मदत करा. अपघात किंवा संकटाच्या वेळी शक्य असूनही मदत न करणं हा जर्मन दंडसंहितेच्या कलम ३२३-सी नुसार गुन्हा आहे. त्याला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते.

पाट्या वाचताना 'नोट' हा शब्द शोधा. पैशांशी त्याचा संबंध नाही. इथे त्याचा अर्थ संकट. 'नोटआउसगांग' म्हणजे संकटकाळी बाहेर पडायचा दरवाजा, 'नोटब्रेम्झे' म्हणजे गाडीची साखळी, 'नोटआउफनामे' म्हणजे रुग्णालयातला तातडीचा विभाग. आणि बाटलीवर 'गिफ्ट' लिहिलं असेल तर खूश होऊ नका. जर्मनमध्ये गिफ्ट म्हणजे विष!

एखादं औषध सोसत नसेल तर तेही सांगता यायला हवं. "इश बिन आलेर्गिश गेगन...", आणि पुढे औषधाचं नाव. हे वाक्य कागदावर रोमन लिपीत लिहून पाकिटात ठेवावं. शुद्ध हरपली तर तो कागदच तुमच्या वतीनं बोलेल.

दूरध्वनी क्रमांक दोनच. पोलिसांसाठी ११०, रुग्णवाहिका आणि अग्निशमन दलासाठी ११२. दोन्ही मोफत. ११२ ऑस्ट्रिया आणि स्वित्झर्लंडमध्येही चालतो. पलीकडून विचारतील 'वो?' म्हणजे कुठे? त्याचं उत्तर सगळ्यांत आधी द्यायचं, कारण फोन मध्येच तुटला तरी गाडी निघू शकते. घराचा नंबर सांगताना मराठी मदतीला येते. इंग्रजीत आधी चाळीस आणि मग तीन. जर्मनमध्ये मात्र आपल्या त्रेचाळीससारखं आधी तीन आणि मग चाळीस: 'द्रायउंटफिअरत्सिश'. सांगून झालं तरी फोन आपण ठेवायचा नाही. त्यांचे प्रश्न संपेपर्यंत थांबायचं.

हे सगळं मिळून वहीचं एक पानही भरत नाही. पण ते नुसतं वाचून उपयोग नाही, मोठ्यानं म्हणायला हवं. 'हळू बोल' ऐकत वाढलेल्या आपल्या गळ्यातून ऐन वेळी आवाज फुटत नाही. तेव्हा घरात चार दिवस खणखणीत 'हिल्फे' म्हणून पाहा. शेजाऱ्यांना मात्र आधी सांगून ठेवा.