शेवटच्या महिन्याचा हिशेब

(पन्हाळा येथील बैठकीत केलेले भाषण)



आमचे गाव याच पन्हाळा तालुक्यातले, काम मात्र कोरडवाहू कपाशी-ज्वारीच्या मुलखात. कापसाच्या भावाचे नंतर बोलूच. आधी घरातल्या मरणाचे बोलायचे आहे. तेही कर्जाच्याच खात्यात जाते.

आमच्या वडिलांना यकृताचा कॅन्सर झाला. डॉक्टरांनी सांगितले, आता उपाय नाही, घरी न्या. नेले. दुखले तर काय द्यायचे, धाप लागली तर कुणाला बोलवायचे, हे कुणी सांगितले नाही, आम्हीही विचारले नाही. बोंडअळीला कोणती फवारणी, किती दिवसांनी, हे तोंडपाठ सांगणारे आम्ही शेतकीचे पदवीधर! महिन्यात तीनदा रात्री गाडी करून दादांना कोल्हापूरला नेले. दर वेळी तेच. अनामत रक्कम, तपासण्या, सलाईन, नळ्या. ते म्हणत होते, मला घरी न्या. तिसऱ्या वेळी स्ट्रेचरवरच गेले. दुभती म्हैस आधीच विकली होती, सोसायटीचे कर्ज थकले. मग नेले कशाला? म्हाताऱ्याला दवाखाना दाखवला नाही, असे भावकी म्हणेल म्हणून.

साप चावला, विष पोटात गेले, छातीत कळ आली, तोंड वाकडे झाले, बाळंतीण अडली, तर क्षणाचाही उशीर नको. १०८ ची गाडी २०१४ पासून त्यासाठीच आहे. पण आजार बरा होणार नाही असे तज्ज्ञानेच सांगितलेल्या माणसाला शेवटी हवा असतो आराम. डॉक्टरच्या सल्ल्याने मॉर्फिन दिले तर वेदना आटोक्यात येतात, धापही कमी होते. औषध महागही नाही. ते अफूपासून होते. अफू पिकवतो मंदसौर-नीमचकडचा शेतकरी, सरकारी परवान्यावर, सरकार देईल त्या भावात. पिकते आपल्या देशात, आणि आपल्याच माणसाला तळमळत ठेवतात. १९८५ च्या कायद्याने डॉक्टर आणि दुकानदार धास्तावले. २०१४ साली कायदा सैल झाला, धास्ती गेली नाही.

केरळात कोझिकोडला १९९३ साली डॉक्टरांनी वेदनाशमनाची संस्था काढली. पुढे गावोगावच्या लोकांनी वर्गणी आणि स्वयंसेवक उभे केले. नर्स घरी येते, जखम धुते, नळी बदलते, घरच्यांना शिकवते. २००८ साली तिथल्या सरकारला त्याचे धोरण करावे लागले.

भावकीच्या तोंडालाही उत्तर आहे. बरे होण्याची आशा नसताना यंत्रावर जगवत ठेवू नका, असे शहाण्या माणसाला आधीच लिहून ठेवता येते. सुप्रीम कोर्टाने ९ मार्च २०१८ ला ते मान्य केले. २०२३ पासून दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी एवढे पुरते. कागद नंतर करा, पण आई-वडिलांना आधी विचारा तरी. आम्ही विचारले नव्हते.

पुढच्या बैठकीला येताना आपापल्या ग्रामीण रुग्णालयात जा. मॉर्फिनच्या गोळ्या आहेत का, घरी येणारी नर्स आहे का, विचारा. उत्तर लेखी घ्या.