परिचारिकेची नजर आणि बालकाची जखम



प्राथमिक आरोग्य केंद्रात जखमी मूल आले, म्हणजे परिचारिका जखम धुते, औषध लावते आणि ‘कसे लागले?’ असे विचारते. प्रश्न वरकरणी साधा. परंतु मिळालेले उत्तर त्या जखमेशी जुळते की नाही, हे ती मनाशी ताडून पाहत असते. छळाची शंका प्रथम येते ती येथेच.

खेळत्या मुलास लागते ते गुडघ्याला, नडगीला, कोपराला, कपाळाला. कान, मान, पाठ, मांडीची आतील बाजू या काही पडून लागण्याच्या जागा नव्हेत. ज्या तान्ह्या बाळास अद्याप रांगताही येत नाही, त्याच्या अंगावर वळ दिसावा, ही तर मुळातच चिंतेची गोष्ट. कढत पाणी सांडले तर भाजल्याच्या खुणा वेड्यावाकड्या, ओघळ गेल्यासारख्या उमटतात. दोन्ही पाय मोजे घातल्याप्रमाणे एका रेषेपर्यंतच भाजले असतील, तर ते पाण्यात धरून ठेवले असावेत, असा संशय घ्यावा लागतो. त्यात आईने एक व बापाने दुसरेच सांगितले, म्हणजे तो बळावतो.

मात्र उतावीळपणाही घातकच. आपल्याकडील पुष्कळ अर्भकांच्या कमरेखाली जन्मतःच निळसर डाग असतो; तो माराचा नव्हे. मेळघाटात पोट फुगलेल्या बाळास तापल्या विळ्याने डागण्याची अघोरी रूढी आढळते. तेथे हेतू क्रौर्याचा नसतो. बाळाच्या यातना मात्र तितक्याच! अशा आईस नुसते धमकावले, तर ती पुन्हा दवाखान्याची पायरी चढेलच असे नाही.

याउलट, न पाहण्याकडेही मनाचा ओढा असतो. अमेरिकेतील डेन्व्हरचे डॉ. हेन्री केंप व त्यांचे सहकारी यांनी १९६२ साली मारहाण झालेल्या बालकांविषयी निबंध प्रसिद्ध केला. आईबापच असे करतील हे मानण्यास डॉक्टरांचे मन धजत नाही, हेही त्यांनी त्यात नमूद केले.

शंका आल्यावर परिचारिका जाबजबाब घेत नाही. ‘बाबांनी मारले ना?’ असा उत्तर सुचविणारा प्रश्न ती टाळते. ‘मग काय झाले?’ एवढेच विचारते. मुलाचे शब्द त्याच्याच बोलीत, जखमेची जागा व आकार यांसह, ती केसपेपरावर उतरवते. ‘कोणाला सांगणार नाही’ असे वचन मात्र देत नाही, कारण ते तिला पाळता येणार नसते. ती वैद्यकीय अधिकाऱ्यांस कळवते. शंका लैंगिक अत्याचाराची असेल, तर २०१२ च्या पोक्सो कायद्याने पोलिसांस खबर देणे तिच्यावर व शिक्षकांवरही सारखेच बंधनकारक आहे. पुरावा गोळा करणे तिचे काम नव्हे. सद्भावनेने खबर देणाऱ्यास कायद्याचे संरक्षण आहे. राजुरा येथील एका शालेय वसतिगृहातील मुलींच्या प्रकरणात, माहिती असूनही ती न कळविणे हा गंभीर गुन्हा होय, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ साली सांगितले. तो खटला एका डॉक्टरासंबंधी होता. इतर छळाबाबत १०९८ या क्रमांकावर किंवा बालकल्याण समितीस कळविता येते.

मलमपट्टी झाल्यावर परिचारिका मुलास तिसऱ्या दिवशी पुन्हा बोलावते. ते आले नाही, तर आशा सेविका घरी जाते. दाराला कुलूप आढळले, की शाळेत विचारणा होते: मूल आज हजेरीला आहे काय, आणि शेवटचे कोणी व केव्हा पाहिले?